दुष्काळ आणि तुकोबांची वाणी: संकटाच्या काळात कवीने लिहावे, की गप्प राहावे?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. गेली पंधरा-सोळा वर्षे मी कविता लिहिते. दोन छोटे संग्रह निघाले आहेत आणि जिल्ह्यातल्या कविसंमेलनांना बोलावणे येते, एवढीच माझी ओळख.

२०२१ च्या मे महिन्यात माझी धाकटी वहिनी कोरोनाने गेली. भाऊ तिला रिक्षात बसवून तीन रुग्णालयांच्या दारांत फिरला. चौथ्या ठिकाणी खाट मिळाली, तेव्हा ऑक्सिजनचा सिलिंडर संध्याकाळपर्यंत येईल असे सांगण्यात आले. तो आला, पण वहिनी तोवर गेली होती. तिचे दहावे व्हायच्या आतच नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांचा निरोप आला की, तू कविता करतेस, तिच्यावर चार ओळी लिहून दे, फोटोखाली छापू. मला एक शब्द सुचला नाही. त्याच आठवड्यात एका मंडळाने 'महामारी' हा विषय देऊन ऑनलाइन कविसंमेलन ठेवले. मी नाव दिले नाही, पण ऐकायला बसले. त्या कविता ऐकताना मला लाज वाटली. आपण लिहू शकलो नाही याची लाज होती, आणि लिहिले असते तर आपल्यालाही टाळ्या मिळाल्या असत्या, हा विचार मनात चमकून गेला याची लाज त्याहून मोठी होती. त्यानंतर आजपर्यंत मी त्या विषयावर एक ओळ लिहिलेली नाही.

त्या वर्षी मी तुकोबांचा गाथा पहिल्यापासून वाचायला घेतला, कारण घरात अन्नावाचून माणूस गेले आणि तरी ज्याने पुढे कविता केली असा आपल्या भाषेतला कवी मला तोच माहीत होता. 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' या ओळीपाशी मी पुष्कळ दिवस थांबले. मग 'बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली' हा अभंग आला आणि मी गाथा मिटून ठेवला. ज्या दुष्काळाने बायको नेली, त्याला 'बरी पीडा केली' असे म्हणवते तरी कसे?

माझे दोन प्रश्न आहेत. संकट चालू असताना कवीने त्याविषयी लिहिलेच पाहिजे, असे समाजाचे कवीवर काही देणे आहे का? आणि दुःखामुळे कविता चांगली होते, म्हणून दुःखाचे आभार मानावेत, असे तुकोबा खरोखर म्हणत आहेत का? जाणकारांनी गाथ्याच्याच आधाराने सांगावे, अशी विनंती आहे.

निवृत्त मराठी शिक्षक

आपला प्रश्न वाचून दोन दिवस काही लिहिले नाही, कारण घाईने उत्तर द्यावे असा तो नाही. वहिनींच्या जाण्याविषयी मी काय बोलणार! पहिल्या प्रश्नापुरते, मला जे दिसते ते सांगतो.

आपण जी ओळ उद्धृत केली आहे, ती 'याति शूद्र वैश केला वेवसाव' या आत्मचरित्रपर अभंगातली आहे. तो अभंग एका बैठकीत, सलग वाचावा. त्यातल्या घटनांचा क्रम फार महत्त्वाचा आहे, आणि आपण ती एकच ओळ वेगळी काढतो तेव्हा तो क्रम हरवतो. दुष्काळाने पैसा आटला, मान गेला, बायको अन्न अन्न करीत मेली. त्याच्या लगेच पुढची ओळ आहे, 'लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें'. म्हणजे आपल्याला जी लाज वाटली, तीच तुकोबांनी सर्वांत आधी नोंदवली आहे. त्यानंतर धंद्यात तूट आली. मग मोडकळीला आलेले देऊळ दुरुस्त करावेसे वाटले. मग एकादशीला कीर्तन सुरू केले, पण 'नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं' हेही सांगून टाकले. मग संतांची वचने विश्वासाने आणि आदराने पाठ केली. मग जे पुढे गात होते, त्यांच्या मागे उभे राहून धृपद धरले. शरीर कष्टवून, जमेल तो उपकार केला. आप्तांचे ऐकले नाही. खऱ्याखोट्याला आपल्याच मनाला साक्षीदार केले आणि बहुमत मानले नाही. स्वप्नात गुरूचा उपदेश झाला. आणि एवढे सगळे झाल्यावर, चौदाव्या कडव्यात, 'यावरी या जाली कवित्वाची स्फूर्ति'.

हा 'यावरी' शब्द मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. दुष्काळ आणि कविता यांच्यामध्ये किती वर्षे गेली याचा हिशोब अभंगात नाही, पण दहा कडवी गेली आहेत, आणि त्या दहा कडव्यांत स्वतःची एकही ओळ नाही. आहे ते देवळाचे दगडमातीचे काम, दुसऱ्यांची पाठ केलेली वचने आणि दुसऱ्यांच्या मागून धरलेले धृपद.

त्या काळाचीही थोडी कल्पना असावी. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खन आणि गुजरात या दोन्ही प्रांतांवर जो दुष्काळ पडला, तो नुसत्या पावसाने पाठ फिरवल्याने एवढा विक्राळ झाला नाही. शहाजहान बुऱ्हाणपूरला तळ देऊन बसला होता आणि दख्खनेत लढाया चालू होत्या. त्याच सुमाराला सुरतेहून आग्र्याला निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याने वाटेवर पडलेली प्रेते पाहिली, आणि बादशहाच्या लष्करासाठी बुऱ्हाणपूरकडे निघालेले धान्याचे तांडेही पाहिले. बादशहाचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यानेही या दुष्काळाचे वर्णन केले आहे, आणि ते अंगावर काटा आणणारे आहे: हाडांची पूड पिठात मिसळून विकली गेली, कुत्र्याचे मांस बोकडाचे म्हणून विकले गेले, एका भाकरीवर जीव विकायला माणूस तयार होता पण घेणारा नव्हता. पण तेच वर्णन पुढे सरकते आणि बादशहाने कुठे लंगर उघडले, दर सोमवारी बुऱ्हाणपुरात किती रुपये वाटले, सुमारे ७० लाखांचा सारा कसा माफ केला, यावर येऊन थांबते. मेलेल्यांचे तपशील शेवटी धन्याच्या औदार्याचे दाखले होतात.

याच काळात देहूच्या एका बुडालेल्या वाण्याने, ज्याचे जन्मसाल १६०८ धरले तर तो जेमतेम बाविशीचा होता, आपल्या घरातल्या मृत्यूवर पुढे एक ओळ लिहिली. साडेचार हजारांच्या आसपास अभंगांच्या गाथ्यात या मरणाविषयी असे उघड बोलणे फारच थोडे आहे, आणि तेही आपण होऊन नाही. 'नये बोलों परि पाळिलें वचन । केलियाचा प्रश्न तुम्हीं संतीं', म्हणजे खरे तर हे बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारलेत म्हणून शब्द पाळतो, असे तो आधीच सांगून ठेवतो. 'नरस्तुति आणि कथेचा विकरा । हें नको दातारा घडों देऊं' असे मागणे मागणाऱ्या माणसाची ही वृत्ती आहे.

तेव्हा फोटोखाली छापायला चार ओळी मागणाऱ्यांचे आपण काही देणे लागत होतात, असे मला वाटत नाही. देणे असलेच तर ते वहिनींचे आणि भावाचे आहे, आणि ते कवितेनेच फेडले पाहिजे असे नाही. तुकोबांनी त्यांच्याकडे थकलेल्या लोकांचे कर्जरोखे इंद्रायणीत बुडवले, ही कथा आपण सारे जाणतो. परंपरा त्यात एक बारकावा सांगते आणि तो मला फार मोलाचा वाटतो: निम्मे कागद त्यांनी धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याचा वाटा म्हणून देऊन टाकले आणि फक्त आपल्या वाट्याचे पाण्यात सोडले. दुसऱ्याच्या हक्काचे दान त्यांनी केले नाही. दुष्काळाने पिचलेल्या कुळांना तुकोबांकडून पहिले काय मिळाले असेल, तर ती ही सुटका; अभंग त्यांच्या कानी पुढे पडले.

माजघर

गुरुजींनी क्रम उलगडून दाखवला त्याबद्दल मनापासून आभार. परंतु प्रश्नकर्तीचा दुसरा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला आहे, आणि मला तोच अधिक बोचतो, कारण मी हा अभंग कीर्तनातून लहानपणापासून ऐकत आले आणि दर वेळी 'बाइल कर्कशा' या शब्दांवर मांडवात हशा पिकलेला पाहिला.

आधी अभंग काय म्हणतो ते नीट पाहू. दिवाळे निघाले ते बरे झाले, दुष्काळाने पीडले ते बरे झाले, बायको कर्कश मिळाली ते बरे, लोकांत दुर्दशा झाली ते बरे, अपमान झाला ते बरे, धन आणि गुरेढोरे गेली ते बरे. ही यादी प्रसन्न माणसाची वाटत नाही. ज्याच्या हातातले एकेक निसटले तो माणूस ते मोजतो आहे, आणि मोजताना प्रत्येक वेळी तोच एक शब्द स्वतःला बजावतो आहे, असे मला ऐकू येते. वाण्याच्या वहीत जमेची बाजू कोरी राहिली, म्हणून खर्चाच्या प्रत्येक रकमेपुढे त्याने 'बरें' लिहिले. त्यात पाचव्या कडव्यात 'लेंकरें बाईल उपेक्षिलीं' ही कबुली येते. लेकरांची, बायकोची हेळसांड आपण केली, हे तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. ते लपवणे त्याला सोपे होते.

आणि शेवट पाहा: 'तुका म्हणे बरें व्रत एकादशी । केलें उपवासीं जागरण'. दुष्काळापासून सुरू झालेला अभंग एकादशीच्या उपवासावर संपतो. जी उपासमार लादली गेली, तिचा शेवटी आपखुशीने धरलेला उपवास झाला. भूक तीच आहे, पण आता ती दुष्काळाची राहिली नाही, त्याची स्वतःची झाली. त्याच्या हातात तेवढेच करणे होते आणि तेवढे त्याने केले, म्हणून मी या अभंगाला दुःखाची भलामण मानत नाही.

मात्र येथे मला एक गोष्ट स्पष्ट म्हणायची आहे, आणि ती म्हटल्याने तुकोबांविषयीचा माझा आदर तिळभर कमी होत नाही. ही उपासमार त्यांच्यापुरती उपवास झाली. पहिल्या बायकोची, रखमाबाईची, झाली नाही. तिला आधीच दम्याचा विकार होता, असे परंपरा सांगते. ती नुसती भुकेने मेली. 'बरें' हा शब्द आपल्या वाट्याच्या दुःखाविषयी वापरण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, दुसऱ्याच्या मरणाविषयी कोणालाच नाही, आणि माझ्या समजुतीने तुकोबांनी तो तसा वापरलेलाही नाही. यादी पुन्हा वाचा. दिवाळे आहे, अपमान आहे, गुरेढोरे आहेत, जिवंत असलेली दुसरी बायको आहे. मेलेली पहिली बायको त्या यादीत नाही. तिच्यापुढे त्यांनी 'बरें' लिहिले नाही. तिची ओळ त्या दुसऱ्या अभंगात आहे आणि तिथे शेजारी 'लज्जा' हा शब्द आहे. आपण गाथा जिथे मिटलात, तिथून एवढे अंतर मला दिसले, ते आपल्यालाही दाखवावेसे वाटले.

राहिली दुसरी बायको, जिजाई. तिला आवली म्हणत कीर्तनांतून तिची टवाळी होते, तेव्हा मला भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन चढणारी बाईच आठवते. नवरा डोंगरावर नामस्मरणात असताना घरातल्या लेकरांच्या तोंडी घास कोणी घातला असेल, याचे उत्तर शोधायला फार विद्वत्ता लागत नाही. संकटाच्या काळातली कला असा विषय निघतो तेव्हा त्या कलावंताची भाकरी कोणी थापली, हेही त्याच विषयात मोजावे, अशी माझी विनंती आहे.

टाळकरी

मी शेतकरी माणूस, शिक्षण बेताचे. गावच्या सप्ताहात तीस वर्षे टाळ घेऊन उभा राहतो. वरच्या दोन्ही जाणकारांसारखे मला लिहिता येणार नाही, पण 'गाती पुढें त्यांचें धरावें धृपद' ही ओळ माझ्या रोजच्या कामाची आहे, म्हणून लिहितो.

धृपद धरणे म्हणजे काय, हे बसून ऐकणाराला पुरते कळत नाही. कीर्तनकार अभंगाचे चरण सोडवत पुढे जातो, आणि त्याचा श्वास संपतो किंवा गळा भरून येतो त्या क्षणी मागच्या रांगेने धृपद उचलायचे असते. अर्धी मात्रा उशीर झाला तर मृदंग एकटा पडतो. मला शिकवणाऱ्या बुवांनी पहिली दोन वर्षे रांगेच्या अगदी टोकाला उभे केले आणि सांगितले की तुझा आवाज वेगळा ऐकू आला तर चूक झाली असे समज. तुकोबांसारखा माणूस आधी त्या रांगेत उभा होता, हे आठवले की टाळाचे वजन वेगळे लागते.

१९७२ च्या दुष्काळात आई पाझर तलावाच्या कामावर होती. पुरुषांनी खडी फोडायची आणि बायांनी मातीच्या पाट्या वाहायच्या. खायला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, आणि लहान पोरांना कामावरच सुकडी मिळायची. मिलोची भाकरी थापताना फुटायची, पाण्याने कितीही मळली तरी कड धरत नसे, असे आई शेवटपर्यंत सांगायची. त्या कामावर दुपारच्या सुट्टीत बाया हरिपाठ म्हणत. दुष्काळावर नवे गाणे कोणी केल्याचे तिला आठवत नव्हते. नव्या गाण्याला अंगात जोर लागतो, पाठ असलेल्याला लागत नाही, असे ती म्हणायची. प्रश्न विचारणाऱ्या ताईंना सुचले नाही, त्यात मला काही वावगे वाटत नाही. त्या दिवसांत आपल्याला सुचत नाही म्हणूनच आधीच्यांनी करून ठेवलेले उपयोगी पडते.

अजून एक सांगतो. कीर्तनाचे नियम सांगणारा तुकोबांचा एक अभंग आहे: 'जेथें कीर्तन करावें । तेथें अन्न न सेवावें'. तिथे बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, इतकेच नाही तर आपल्या तट्टाला किंवा बैलाला दाणावैरणही मागू नये, असे पुढे म्हटले आहे. मी हा अभंग विधिनियम म्हणून कित्येक वर्षे म्हटला. एका वर्षी पाऊस नव्हता, सप्ताहाच्या पंगती बंद ठेवाव्या लागल्या होत्या, आणि त्या रात्री तो म्हणताना माझ्या ध्यानात आले की हे ज्याने लिहिले, त्याच्या घरात बाई अन्न अन्न करीत गेली आहे. अन्नाची किंमत ज्याला एवढी कळली, त्याने कीर्तनाच्या बदल्यात घासभरही घेऊ दिला नाही, जनावरासाठी मूठभर दाणासुद्धा नाही. 'शब्दें वांटूं धन जनलोकां' म्हणणाऱ्याचे वाटप असे होते. ताईंना ऑनलाइन संमेलनात टाळ्यांच्या विचाराने लाज वाटली असे त्यांनी लिहिले आहे. मला वाटते त्यांचे मन या अभंगाच्या बाजूने उभे होते.

२०२० च्या आषाढीला पालख्या पायी निघाल्या नाहीत, पादुका एसटीच्या गाडीने पंढरपूरला गेल्या. आम्ही दहा-बारा जण संध्याकाळी आपापल्या घरून फोन जोडून हरिपाठ म्हणायचो. फोनमध्ये आवाज पुढेमागे येतात, टाळ जुळत नाही. तरी कोणी एक दिवस चुकवला नाही. आमच्यातल्या एकाची आई गेली, तेव्हा त्याच रात्री तोही जोडला गेला. तो काही म्हणाला नाही. आम्ही धृपद धरून ठेवले.

कृष्णाकाठ

तिघांनाही काय लिहू! तुमची उत्तरे मी छापून काढली आणि भावाला वाचून दाखवली. तो कविता वाचणारा माणूस नाही. मागच्या रांगेने धृपद उचलल्याची गोष्ट त्याने दोनदा वाचायला लावली आणि उठून बाहेर गेला.

माजघर, मेलेली बायको त्या यादीत नाही हे तुम्ही दाखवलेत, आणि मी लगेच दोन्ही अभंग समोरासमोर ठेवून पाहिले. खरेच नाही. एवढ्या दिवसांत ते माझ्या लक्षात आले नव्हते, कारण मी रागाने वाचत होते. वाचताना आणखी एक जाणवले: 'स्त्री एकी' असे म्हटले आहे, नाव घेतलेले नाही. वहिनीचे नाव कवितेत घ्यावे की नाही, या एकाच गोष्टीवर मी कितीदा अडले आणि कागद फाडले, हे मी कोणालाच सांगितले नव्हते. नाव घेतले तर ती सगळ्यांची होते, न घेतले तर कोणाचीच राहत नाही, असे वाटायचे. तुकोबांच्या त्या ओळीत नाव नाही, आणि तरी ती दुसऱ्या कोणाची वाटत नाही.

गुरुजी, 'यावरी' हा शब्द मी टेबलासमोरच्या भिंतीवर लिहून चिकटवला आहे. सध्या काही लिहीत नाही. वहिनी पहाटे दळणाचा डबा भरताना काही ओव्या गुणगुणायची. त्यातल्या सहा भावाला आणि पुतणीला मिळून आठवल्या, त्या मी वहीत उतरवून घेतल्या आहेत आणि पाठ करते आहे. एका ओवीचा दुसरा चरण कोणालाच आठवत नाही. तिच्या माहेरी तिची मावशी अजून आहे, पुढच्या रविवारी पुतणीला घेऊन तिच्याकडे जाणार आहे.

टाळकरी दादा, तुमच्या गावचा सप्ताह कोणत्या तिथीला असतो, ते कळवाल का? मला रांगेच्या टोकाला उभे राहता येणार नाही, पण मांडवात बसून ऐकेन.